उसाचे वजन येते कुठून आणि जाते कुठे?

राहू बेटातल्या एका शेतकऱ्याने गेल्या हंगामात मला दोन वजनपावत्या दाखवल्या. फड एकच, वाण एकच, तोडणारी टोळीही तीच. पहिल्या खेपेचा ऊस तोडला त्याच संध्याकाळी भरून गेला. दुसऱ्या खेपेच्या मोळ्या मात्र ट्रॅक्टर वेळेत न आल्याने तीन दिवस फडातच उन्हात पडून राहिल्या. मोळ्यांची संख्या दोन्ही वेळी जवळपास सारखी, पण दुसऱ्या पावतीवर वजन कमी. "काट्यात काही गडबड असेल का साहेब?" असा त्यांचा प्रश्न होता. काट्याबद्दल शंका असेल तर ती तपासून घ्यावीच. पण तोडलेल्या उसातून आपोआप काय निघून जाते हे समजायचे असेल, तर त्यात आधी काय आले होते इथून सुरुवात करावी लागते.

आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद आणि १७० किलो पालाश अशी शिफारस आहे. एकरावर आणून पोती मोजली, तर युरिया सुमारे साडेतीनशे किलो, सिंगल सुपर फॉस्फेट सव्वाचारशे किलो आणि म्युरेट ऑफ पोटॅश एकशे दहा-पंधरा किलो होते. सगळे मिळून नऊशे किलोच्या आत. आता एकरी ६० टन ऊस निघाला असे धरा. त्यात साधारण ७० टक्के पाणी. उरलेले १८ टन कोरडे वजन. नऊशे किलो खतातून १८ टन माल येणे शक्य नाही. तो मातीतून आला म्हणावे, तर आजोबांच्या काळापासून ऊस घेणारे रान आज वीतभर खाली गेलेले दिसले असते. तसे काही झालेले नाही.

हे १८ टन हवेतून येतात. पान हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते, मुळांनी वर पाठवलेले पाणी घेते आणि सूर्यप्रकाशाच्या जोरावर दोन्हींची जोडणी करून साखर तयार करते. जादा उरलेला ऑक्सिजन बाहेर सोडते. हेच प्रकाशसंश्लेषण. हिशेब असा आहे की १ किलो ग्लुकोज तयार व्हायला जवळपास दीड किलो कार्बन डायऑक्साइड आणि ६०० ग्रॅम पाणी लागते. उसातला तंतू, पानाचा सांगाडा, मुळे, सगळे याच साखरेपासून बनते. खते लागतात, नक्की लागतात, पण ती कारखान्यातल्या यंत्रांच्या सुट्या भागांसारखी. हरितद्रव्याच्या प्रत्येक कणाच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो. नत्राशिवाय हरितद्रव्यही नाही आणि कार्बन पकडणारी विकरेही नाहीत. लोह कमी पडले तर हरितद्रव्य तयारच होत नाही. आपल्याकडच्या चुनखडीच्या जमिनीत खोडव्याला जो केवडा पडतो तो हाच. लोह जमिनीत असते, पण चुन्यामुळे मुळांना मिळत नाही. पान पांढुरके पडले म्हणजे कमाई थांबली, असे समजून हिराकसची ०.५ टक्का फवारणी चुन्याच्या निवळीसोबत लवकर करावी. पिवळेपणा दिसला की युरिया टाकायची सवय इथे उपयोगाची नाही.

हवेत कार्बन डायऑक्साइड असतो तरी किती? जेमतेम ०.०४ टक्के. एक घनमीटर हवेत पाऊण ग्रॅमच्या आसपास. एकराच्या त्या १८ टनांसाठी उसाला सुमारे २७ टन कार्बन डायऑक्साइड लागतो. म्हणजे साडेतीन कोटी घनमीटर हवेतला सगळा वायू गाळून घेण्याइतके काम ती पाने करतात. हा वायू पानावरच्या बारीक पर्णरंध्रांतून आत येतो आणि ज्या दारातून तो आत येतो, त्याच दारातून पाणी वाफ होऊन बाहेर जाते. दार उघडे तर पाणी जाते, दार बंद तर कमाई बंद. एप्रिल-मेच्या दुपारी ऊस पाने गुंडाळून उभा दिसतो, तेव्हा त्याने दार लावून घेतलेले असते. ऊन भरपूर असते, पण त्या वेळी साखर फारशी तयार होत नाही.

या बाबतीत ऊस आपल्या इतर बऱ्याच पिकांपेक्षा हुशार आहे. गहू, हरभरा, कांदा, सोयाबीन या पिकांत कार्बन पकडणारे विकर उष्णतेत चुका करू लागते. कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनच धरते आणि पकडलेल्या कमाईतला साधारण पाव हिस्सा त्या चुका निस्तरण्यात जातो. उसाने या विकराभोवती कार्बन डायऑक्साइड दाबून साठवण्याची सोय केलेली आहे. ही गोष्ट कळलीच मुळी उसावरून. हवाईमधल्या ऊस संशोधकांना किरणोत्सारी कार्बन वापरून असे दिसले की उसात पहिले तयार होणारे संयुग तीन कार्बनचे नसून चार कार्बनचे असते. १९६५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले आणि पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक या दोघांनी त्याचा पूर्ण मार्ग मांडला. म्हणून अशा पिकांना सी-४ पिके म्हणतात. मका, ज्वारी आणि बाजरीही त्यातच येतात. एक किलो कोरडे वजन तयार करायला सी-४ पिकाला साधारण अडीचशे-तीनशे लिटर पाणी लागते, सी-३ पिकाला त्याच्या दुपटीच्या जवळ. पाबळ-केंदूरसारख्या कोरड्या पट्ट्यात ज्वारी-बाजरी टिकून राहिली त्यामागे हेही एक कारण आहे. मग ऊस पाणी खाणारा का? कारण तो दीड वर्ष रानात उभा असतो आणि एकरी टनच्या टन माल तयार करतो. दर किलोला तो काटकसरीच आहे, एकूण पाणी मात्र खूप लागते.

आता खर्चाची बाजू. तयार झालेल्या साखरेचा साधारण तिसरा ते निम्मा हिस्सा पीक स्वतःच जाळते. पेशींना वाढायला, मुळांना अन्नद्रव्ये आत ओढायला, पानातली साखर कांडीपर्यंत पोहोचवायला ऊर्जा लागते आणि ती साखर जाळूनच मिळते. साखर अधिक ऑक्सिजन, त्यातून कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि ऊर्जा. प्रकाशसंश्लेषणाच्या बरोबर उलट. याला श्वसन म्हणतात. झाडे दिवसा अन्न तयार करतात आणि रात्री श्वास घेतात, असे शाळेपासून आपल्या डोक्यात बसलेले आहे. ते अर्धेच खरे. श्वसन चोवीस तास चालू असते. दिवसा कमाई जास्त असल्याने खर्च दिसत नाही, इतकेच. पान फक्त उजेडात कमावते. मूळ, खोड, डोळा, दाणा हे सगळे रात्रंदिवस खातात.

या खर्चाचा वेग तापमानावर ठरतो. तापमान १० अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री चांगली थंडी असते. कमाई चालू राहते, रात्रीचा खर्च घटतो, वाढही मंदावते आणि उरलेली साखर कांडीत साठते. थंडीत उतारा चांगला मिळतो तो यामुळे. ढगाळ आणि उबदार डिसेंबर गेला, तर उताऱ्याची तक्रार सगळीकडून ऐकू येते. तिथे वाणाला दोष देण्यात अर्थ नसतो.

मुळांच्या श्वसनाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण भीमाकाठच्या गावांत सर्वांत जास्त नुकसान मला तिथे दिसते. मुळांना ऑक्सिजन मातीतल्या पोकळ्यांमधून मिळतो. ऑक्सिजन हवेतून जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट हळू तो पाण्यातून पसरतो. म्हणजे सरी तुडुंब भरून राहिली की मुळाचे नाक दाबले गेले. हवा असताना पेशी एका ग्लुकोजपासून ऊर्जेचे ३० ते ३२ एकक मिळवते. हवा नसताना तेवढ्याच ग्लुकोजमधून फक्त २. पंधरावा हिस्सा! शिवाय तयार होते ते अल्कोहोल आणि आम्ल, जे मुळालाच घातक. ऊर्जा नाही म्हणून मूळ नत्र उचलत नाही आणि साचलेल्या पाण्यात नायट्रेट नत्र जिवाणूंच्या हातून वायू होऊन उडून जाते. पान पिवळे पडते. आपण युरिया टाकतो आणि त्यावर पुन्हा पाणी देतो.

आपल्या भाषेत याला फार नेमका शब्द आहे, वाफसा. मातीतल्या पोकळ्यांपैकी साधारण निम्म्या पाण्याने आणि निम्म्या हवेने भरलेल्या, ती वाफशाची स्थिती. मुळे काम करतात ती वाफशातच. हे सगळ्यांना माहीत असते, तरी पाणी जास्त का दिले जाते? शिरूरच्या ऊसपट्ट्यात मला मिळालेले उत्तर आळसाचे नव्हते. वीज रात्रीची, उसात बिबट्या. अंधारात दारे मोडायला कोण जाणार? मोटर चालू करून माणूस घरी येतो आणि पाणी सकाळपर्यंत एकाच सरीत वाहत राहते. ठिबक बसवले तर पाणी वाचते, हा फायदा सगळे सांगतात. रात्री रानात जावे लागत नाही आणि मुळांना हवा मिळते, हे दोन फायदे इथे तितकेच मोठे आहेत. ठिबक शक्य नसेल तर कालव्याखालच्या भारी रानात निदान निचऱ्याची चर काढावी. पाणी साचणाऱ्या रानात खताचा डोस वाढवून मी तरी ऊस सुधारलेला पाहिलेला नाही.

आता त्या दोन पावत्यांकडे येऊ. कोयता बसला की मुळाकडून पाणी येणे बंद, वाढे छाटले की पाने गेली, म्हणजे कमाईही बंद. पण कांडी जिवंत असते. तिचे श्वसन चालूच राहते आणि आता ती फक्त साठवलेल्या साखरेवर जगते. उन्हात मोळी तापली की खर्चाचा वेग वाढतो, वरून पाणी उडते. वजन घटते त्यात मोठा वाटा पाण्याचा असतो. दिवसाला टक्का-दीड टक्का घट सहज येते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. साखरेचे नुकसान वजनात दिसत नाही, पण ते अधिक महाग आहे. उसातली साखर म्हणजे सुक्रोज. कांडीतले इन्व्हर्टेज हे विकर सुक्रोज फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करते. हे दोन्ही गोडच असतात, पण त्यांचे स्फटिक कारखान्यात पडत नाहीत. कापलेल्या टोकांतून जिवाणू शिरतात, ते साखर खाऊन चिकट डेक्स्ट्रान तयार करतात. जळालेल्या उसात हे सगळे आणखी वेगाने होते, कारण सालीवरचे मेणाचे संरक्षण गेलेले असते.

याची सगळ्यात सोपी परीक्षा दौंड तालुक्यातल्या कुठल्याही गुऱ्हाळावर होते. शिळ्या उसाचा रस काहिलीत टाकला की गूळ रवाळ होत नाही, नीट बसत नाही, चिकट राहतो आणि पावसाळ्यात लवकर पाझरतो. गुळव्याला इन्व्हर्टेज हे नाव ठाऊक नसते, पण ऊस कधीचा तोडलेला आहे हे तो रस आटताना सांगतो.

कृषी सहायक आणि ऊस विकासाचे काम करणाऱ्या मित्रांसाठी एक सूचना. शिळ्या उसावर हातातला ब्रिक्समीटर फसवतो. पाणी उडाल्याने रस घट्ट होतो, ब्रिक्स वाढलेला दिसतो आणि शेतकऱ्याला वाटते साखर वाढली. ब्रिक्समध्ये ग्लुकोज, फ्रुक्टोज, क्षार सगळे मोजले जातात. खरी घट शुद्धतेत असते आणि ती प्रयोगशाळेतच कळते. गावात दाखवायचे असेल तर दहा ऊस तोडा, वजन करून पाच उन्हात आणि पाच पाचटाखाली सावलीत ठेवा, रोज सकाळी वजन लिहा. चौथ्या दिवशी वेगळे भाषण करावे लागत नाही.

मग करायचे काय? वाहन नक्की झाल्याशिवाय तोड सुरू करू नये, हे सांगणे सोपे. पाळी आणि टोळी आपल्या हातात नसते, हेही मला माहीत आहे. तरीही थांबावे लागणार असेल तर मोळ्या पाचटाने झाकाव्यात, शक्य तर सावलीत रचाव्यात. तोड ते गाळप २४ तासांत व्हावे असा प्रयत्न असावा. बुडख्याकडच्या कांड्यांत साखर सर्वांत जास्त असते, म्हणून तोड जमिनीलगत हवी. जमिनीवर राहिलेले चार बोटे बुडखे म्हणजे सगळ्यात गोड माल रानात सोडणे. आणि तुरा आलेल्या उसाला मागे ठेवू नये. तुरा आला की नवीन पाने येणे थांबते, काही आठवड्यांनी डोळ्यांतून पांगशा फुटतात, कांडीत दशी पडते. साठवलेली साखर त्या पांगशांच्या वाढीत खर्च होते. दीड-दोन महिन्यांच्या आत तो ऊस तुटलेला बरा.

हीच गोष्ट कांदा चाळीत वेगळ्या रूपात दिसते. कांदा काढला तरी जिवंत असतो. तसा तो संथ श्वासाचा आहे, कोथिंबीर किंवा ओल्या वाटाण्यासारखा नाही. म्हणूनच तो महिनोन्महिने टिकतो. पण एक किलो साखर जळाली की त्यातून ६०० ग्रॅम पाणी आणि सुमारे ३८०० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. इतक्या उष्णतेने १०० लिटर पाणी ३८ अंशांनी तापेल. मोठ्या ढिगाच्या पोटात ही उष्णता आणि ओल अडकून राहते. चाळीत ढिगात कोपरापर्यंत हात घालून पाहा. आत उबट आणि दमट लागले, तर सड सुरू व्हायची तयारी झाली आहे. वरून पाऊस लागला नाही तरी आतून ओल कशी आली, असे लोक विचारतात, त्याचे एक उत्तर हे. म्हणून चाळीतला थर चार ते पाच फुटांपेक्षा उंच आणि चार फुटांपेक्षा रुंद नसावा, तळातून हवा यावी. जागा वाचवायला सात फूट भरलेली चाळ ऑगस्टमध्ये उपसावी लागते.

थंड जागी ठेवला तर कांदा जास्त टिकेल, हा तर्क बरोबर वाटतो, पण तो कांद्याला पूर्ण लागू होत नाही. शून्य ते दोन अंशांच्या शीतगृहात तो टिकतो, २५ ते ३० अंशांतही टिकतो. मधल्या १० ते २० अंशांत त्याला कोंब फुटतात, कारण त्याची झोप त्या तापमानात मोडते. कोंब फुटला की श्वसन वाढते आणि पाकळ्यांतले साठवण कोंबाकडे जाते. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाच्या भीमा शक्ती आणि भीमा किरण या रब्बी वाणांची निवड साठवणीचा विचार करूनच करावी. पण वाण एकटा काही करत नाही. लागवडीनंतर ६० दिवसांच्या पुढे नत्र दिले तर माना जाड राहतात, मिटत नाहीत, आणि त्या उघड्या मानेतून पाणीही जाते, रोगही शिरतो. काढणीआधी दोन आठवडे पाणी तोडणे, पातीसह शेतात तीन-चार दिवस सुकवणे, मान इंचभर ठेवून कापणे, मग सावलीत दहा-बारा दिवस पातळ थरात ठेवणे. या प्रत्येक कामाने मान बंद होते आणि वरची साल कोरडी होते. बाजार चढेल म्हणून घाईने ओला कांदा चाळीत भरणाऱ्याला चढलेला बाजार बघायला मिळतो, विकायला कांदा कमी उरतो. एक २० किलोची जाळीदार पिशवी खूण करून चाळीच्या मध्यावर ठेवावी आणि दर पंधरवड्याला तोलावी. कधी विकायचे याचा निर्णय मग अंदाजावर राहत नाही.

ऊस गेला, तरी रानात पाचट उरते. एकरी तीन-चार टन. तेही त्याच हवेतून पकडलेले आहे. काडी लावली तर दीड वर्षाची ही कमाई अर्ध्या तासात पुन्हा हवेत. सरीत ठेवले तर जिवाणू आणि बुरशी ते हळूहळू खातात, त्यांचेही श्वसनच, पण काही भाग सेंद्रिय कर्ब म्हणून मातीत राहतो. "पाचट ठेवले की खोडवा पिवळा पडतो" ही तक्रार खोटी नाही. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र फारच कमी, त्यामुळे ते कुजवणारे जिवाणू मातीतले नत्र उचलतात आणि उसाला काही आठवडे कमी पडते. म्हणून कुट्टी केल्यावर दर टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू खत टाकायचे. हा युरिया उसाच्या डोसमधून वजा करू नये, तो जिवाणूंसाठी आहे. पाणी मात्र वाफशापुरतेच द्यावे, कारण कुजवणाऱ्या जिवाणूंनाही हवा लागते.